बघायला आलेली डॉक्टरीण

शिकून शिकून थकलेली माणसं मी गाडीभर पाहिली आहेत, पण शिकणं संपल्यावर जिला शिकायची खरी भूक लागली अशी बाई माझ्या उभ्या आयुष्यात एकच आली, आणि ती वर्षभर आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होती. बी. ए., एम. ए. आणि वर बालमानसशास्त्रातली डॉक्टरेट, एवढं पदरात पडल्यावर शहाण्या माणसानं एखाद्या कॉलेजात खुर्ची धरावी आणि पंख्याखाली बसावं. आमची भाडेकरीण दक्षिणेतल्या कुठल्याशा मोठ्या संस्थेत जाऊन पुन्हा विद्यार्थीण झाली. डॉक्टरेटनंतरचं दोन वर्षांचं प्रशिक्षण. विषय काय, तर स्वमग्न मुलं, म्हणजे आपल्यातच असलेली, आणि ज्यांच्या मेंदूची वाढ इतरांहून वेगळ्या वाटेनं होते अशी मुलं. त्यातलं एक वर्ष तिनं हट्टानं आमच्या जंगलाकडच्या जिल्ह्यासाठी मागून घेतलं होतं. अशी मुलं फक्त शहरातच जन्मतात असा पुस्तकांचा समज होता आणि तो तिला खोटा पाडायचा होता. हे सगळं मी बायकोला रंगवून सांगितलं. पोळी लाटता लाटता तिनं विचारलं, "म्हंजे नापास झाली का ते?"

"नाई ना. पहिली आली."

"मंग पुन्हा काऊन बसवलं तिले?"



तेव्हा मी भद्रावतीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. कामाचं नाव जड, पण खरं काम एकच: केबिनमध्ये बसून माइकवर गाड्या पुकारणं. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत मी खलनायक रंगवलेला, त्यामुळे साधी वरोऱ्याची गाडीसुद्धा मी अशी पुकारत असे की चार माणसं उगाच चढावीत. दिवाळी आटोपल्यावर एका दुपारी ही बाई नागपूरच्या गाडीतून उतरली. सोबत दोन पेट्या. एकीत करड्या रंगाचे चार एकसारखे कुर्ते, बाकी कागद. दुसरी पेटी हमालाच्या हातून निसटून उघडली, आणि फलाटभर भोवरे, बाटल्यांची झाकणं, मखमलीचे तुकडे, साबणाचे फुगे काढायच्या नळ्या आणि एक चाव्यांचा जुडगा पसरला. त्यातली एकही चावी कुठल्या कुलपाची नव्हती, हे मी नंतर विचारून घेतलं. हमालानं सामान गोळा करता करता तिला अदबीनं विचारलं, "खेळ कुठी लावणार, बाई?"

गल्लीत डॉक्टरीण आली ही बातमी पसरायला एक रात्र पुरली. सकाळी आमच्या जिन्यापाशी रांग. पहिला नंबर कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेल्या एका आजोबांचा. ते गुडघा घेऊन आले होते.

"बाई, सुई मारता का गोळी देता?"

"मी औषध देत नाही, आजोबा."

"मंग काय देता?"

"मी बघते. लहान मुलांकडे."

"पाहून?"

"पाहून लिहून ठेवते."

आजोबा वळले आणि रांगेला म्हणाले, "चला रे घरी. जनगणनावाली व्हय."

पण बघायची म्हणजे काय बघायची! एका लग्नात ती मांडवाच्या कोपऱ्यात मांडी घालून बसली आणि दोन वर्षांच्या एका पोराकडे अडीच तास पाहत राहिली. गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर वही. वरपक्षाला वाटलं ही वधूकडची कोणी मोठी पाहुणी, वधूपक्षाला वाटलं वराकडची. मानपान चुकायला नको म्हणून दोन्हीकडच्यांनी तिची ओटी भरली. ती दोन नारळ आणि दोन ब्लाउजपीस घेऊन घरी आली आणि बायकोला म्हणाली, "वहिनी, तो मुलगा अगदी उत्तम आहे. लग्न कोणाचं होतं?" एकदा चंद्रपूरच्या खच्चून भरलेल्या गाडीत एक लेकरू किंचाळत होतं. आई रडकुंडीला आली होती, सगळी गाडी सल्ले देत होती. आमच्या भाडेकरणीनं "अले अले" केलं नाही, चॉकलेट काढलं नाही. नळी काढली आणि त्याच्याकडे न बघता एकेक फुगा सोडत बसली. तिसऱ्या फुग्याला लेकरू गप्प, पाचव्याला अख्खी गाडी गप्प, आणि सातव्याला ड्रायव्हर ओरडला, "बाई, फुगे मागंच ठेवा, नाई तर गाडी नाल्यात जाईन!"

आता रुखसारबद्दल सांगतो, कारण तिच्याशिवाय या बाईची गोष्ट म्हणजे नुसते फुगे. स्टँडच्या समोर शब्बीरभाईचं गाद्या-रजया भरायचं दुकान. रुखसार त्याची एकुलती एक मुलगी, सहा वर्षांची. बापानं कापूस पिंजायला घेतला की हवेत उडणाऱ्या तंतूंखाली ती तासन् तास उभी राही. हाक मारली तर बघत नसे, आणि स्वतःचं असं बोलत नसे. ती बोले ते माझं! अक्षरशः माझं. माझा घसा खाकरणं, माझा खलनायकी खर्ज आणि पुढे संबंध पुकारा: "लक्ष द्या! चंद्रपूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर उभी आहे!" पहिल्यांदा हे घडलं तेव्हा शब्बीरभाई घाबरून केबिनमध्ये आला होता. "भाऊ, गुस्सा नका होऊ, पण तुमचं भूत लागलं माह्या पोरीले."

मागच्या जूनमध्ये तिला शाळेत घातलं होतं. आठव्या दिवशी हेडमास्तर गुरुजींनी तिला हाताला धरून परत आणून दिलं. गुरुजी वाईट नव्हते. साठ पोरं आणि एक खोली एवढंच त्यांचं दुःख होतं. पण त्यांनी सांगून टाकलं, "पुढच्या जूनमध्ये तीन दिवस बसवून पाहतो. हजेरीत नाव घेतल्यावर ओ दिली, तर ठेवतो. नाही दिली तर नागपूरच्या वसतिगृहाच्या शाळेत टाका. माझा इलाज नाही." नागपूर हा शब्द त्या घरात पडला तेव्हापासून रुखसारच्या आईचं जेवण अर्ध्यावर आलं. पोरगी आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. वसतिगृहात कोणाची ओढणी धरणार, एवढंच ती माऊली ज्याला त्याला विचारत असे.

एक दिवस मी दुपारचं जेवण करून केबिनमध्ये आलो तर माझ्या टेबलाखालून चार पाय बाहेर आलेले. दोन लहान, दोन मोठे. रुखसार अधूनमधून तिथं येऊन लपे, हे मला माहीत होतं. मोठे पाय करड्या कुर्त्याचे निघाले. आतून आवाज आला, "भाऊ, इथून पंख्याची सावली फार सुंदर दिसते. तुम्ही कधी बघितली आहे का?" पंधरा वर्षं मी त्या टेबलाशी बसलो, पण खाली शिरावं असं मला एकदाही सुचलं नव्हतं. त्याच संध्याकाळी बाई शब्बीरभाईकडे गेली आणि म्हणाली, "जूनच्या हजेरीसाठी मी प्रयत्न करेन. शब्द देत नाही." शब्बीरभाई मला म्हणाला, "बाकी सब लोग वादा करतात भाऊ, हेच एक नाई म्हणते. हिच्यावर भरोसा आहे."

तो भरोसा टिकला जेमतेम फेब्रुवारीपर्यंत, आणि त्याला कारण झाला संस्थेचा छापील तक्ता. ताडोब्याच्या अंगाच्या एका गावात जाऊन तिला सगळ्या लहान मुलांचा तक्ता भरायचा होता. मी सुटी काढून सोबत गेलो, कारण एक तर तिची भाषा पुण्याची, आणि दुसरं म्हणजे तमाशा चुकवणं माझ्या रक्तात नाही. पहिला प्रश्न: मूल मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघतं का? पहिली आई ताडकन म्हणाली, "नाई बाई! तसं वळण नाई आमच्या घरी." बाईनं 'नाही'पुढे खूण केली. दुसरा प्रश्न: हवी ती वस्तू मूल बोटानं दाखवतं का? "काऊन दाखवल? वेलाले बोट दाखवलं का काकडी सडते. आम्ही शिकवूनच ठेवलं." खूण. तिसरा: नाव घेतल्याबरोबर मूल ओ देतं का? "पहिल्या हाकेले जंगलात ओ देत नसते बाई, कोनाची हाक काय माहीत! तीनदा आली तरच द्यावं." खूण. मी मध्ये तोंड घालायला गेलो तर बाईनं मला दटावलं: "उत्तरं सुचवू नका, भाऊ. शास्त्रात बसत नाही." संध्याकाळी बेरीज झाली. अख्ख्या गावातली एकूण एक मुलं स्वमग्न निघाली, फक्त एक सोडून. तो एक म्हणजे पोलीस पाटलाचा नातू. तो वडीलधाऱ्यांना डोळे वटारून पाही, दिसेल त्या भोपळ्याला बोट दाखवी आणि नाव घ्यायच्या आत "काय हाय?" म्हणून खेकसे. गाव ज्याला कंटाळलं होतं ते एकटं पोरगं कागदावर ठणठणीत! पाटील खूश. त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

बाईनं तक्ते प्रामाणिकपणे संस्थेत पाठवले. तिकडून तिच्या मार्गदर्शक बाईंचा एसटीडी बूथवर फोन आला, आणि बूथवाल्यानं तो निम्म्या बाजारपेठेला ऐकवला: "तुमच्या भागात साथ आली आहे का?" दुसऱ्या दिवशी स्टँडवर गुरुजी भेटले. म्हणाले, "ज्या बाईच्या कागदात अख्खं गाव आजारी निघते, तिच्या सांगण्यावरून मी रुखसारले घेऊ काय हो?" शब्बीरभाई पलीकडे रजईला टाके घालत होता. त्यानं मान वर केली नाही, पण त्याची सुई थांबलेली मी पाहिली.

मला वाटलं बाई पेट्या बांधेल. तिनं दोन दिवस खोलीचं दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती खाली आली आणि बायकोसमोर पाटावर बसली. "वहिनी, तुमच्याकडचं मूल शहाणं आहे हे तुम्ही कशावरून ओळखता? मला शिकवा." आमची ही चौथी शिकलेली! तिनं पदर खोचला आणि चार दिवस त्या डॉक्टरेटवालीची शाळा घेतली. "डोळ्यात नका पाहू. नवी बांगडी भरली का लेकरू शेजारी दाखवाले पळते का नाई, ते पाहा. बजारात हात सुटला तर कावरंबावरं होते का, ते पाहा. कोनी पडलं तर हासते का रडते, ते पाहा." बाई वही भरत होती आणि मध्येच "वा!" म्हणत होती. नवा तक्ता घेऊन ती त्याच गावात गेली. या खेपेला गाव निरोगी निघालं, फक्त एका घरी थांबावं लागलं. त्या घरची सून नंतर दर बाजाराच्या दिवशी लेकराला घेऊन आमच्या जिन्यावर येऊ लागली. तेव्हापासून आमची ही पाहुण्यांसमोर मला म्हणे, "तुम्ही चूप बसा, तुम्हाले सायकॉलॉजी नाई समजत."

पण रुखसारचा जून जवळ येत होता. बाईनं तिच्या बोलण्याची एक वही केली आणि मला वाचून दाखवली. पोरगी पोपटासारखी बोलत नव्हती, तिच्या प्रत्येक पुकाऱ्याला अर्थ होता. "चंद्रपूरकडे जाणारी गाडी उभी आहे" म्हणजे बाहेर ने. ताट नको असलं की "नागपूर गाडी रद्द करण्यात आली आहे." आणि कुत्रं भुंकलं, ढग गडगडले, घरात कोणी मोठ्यानं बोललं, की ती आईला चिकटून माझ्या खर्जात म्हणे, "प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी." दोन वर्षं ती हे म्हणत होती आणि आम्ही सगळे हसत होतो. मी तर पाहुण्यांना बोलावून तिच्याकडून म्हणवून घेतलं होतं.

त्या दिवशी मी बाईला म्हणालो, सांगाल ते करतो. तिनं सांगितलं ते ऐकून मला वाटलं, त्यापेक्षा फाशी बरी. "भाऊ, रोज तेच शब्द, त्याच क्रमानं, त्याच चालीत. एक शब्द वाढवायचा नाही. तुम्ही सजवायला लागलात की तिची भाषा बदलते." माझ्यासारख्याला! मार्चपासून मी शिळ्या भातासारखे पुकारे करू लागलो. प्रवासी विचारत, तब्येत बरी नाही का? वर तिनं एक नवा पुकारा जोडायला लावला. सकाळच्या चंद्रपूर गाडीनंतर थोडं थांबून मी म्हणायचं: "रुखसार शब्बीर." मग पाच सेकंद शांत. मग: "हजर." पहिल्याच दिवशी एक म्हातारा गाठोडं घेऊन केबिनच्या खिडकीत आला. "साहेब, हे रुखसार कोनत्या फलाटावर लागते? मले माजरीले उतरायचं आहे." आठवड्याभरात तीन-चार जण रुखसारची वाट बघत चंद्रपूरची गाडी चुकले आणि वरून माझ्याकडे लेखी खुलासा मागवला गेला. खुलासा बाईनं लिहिला, पुण्याच्या मराठीत, चार पानी. तो वाचून साहेबांनी मला बदलीवर पाठवायचं तेवढं टाळलं, बहुधा मला काहीतरी आजार आहे असं समजून. मे महिन्यात आमच्याकडे डांबर पातळ होतं, माणसं ओला टॉवेल डोक्यावर घेऊन फिरतात. तेव्हाही बाई रोज दुपारी गादीच्या दुकानात उडत्या कापसाखाली रुखसारसोबत उभी असे, आणि दोघी एकसारख्या पांढऱ्या झालेल्या असत.

शाळा उघडली. पहिला दिवस. मी, बाई आणि शब्बीरभाई वर्गाच्या खिडकीबाहेर. गुरुजींनी नाव घेतलं, "रुखसार शब्बीर." रुखसार छताकडे बघत होती. गुरुजी थांबले, पुढे गेले. दुसऱ्या दिवशी तसंच. माझ्या लक्षात आलं ते भलतंच: पोरीनं सगळं माझ्या आवाजात आणि भोंग्यातून ऐकलं होतं. गुरुजींचा आवाज चिमणीसारखा बारीक, त्या आवाजातली रुखसार ही कोणी वेगळीच! मी बाईला म्हटलं, "मी आत जाऊन पुकारतो." ती म्हणाली, "मग रोज जाल का भाऊ? चौथीपर्यंत?" तिचा चेहरा मात्र उतरला होता. इतक्या दिवसांत मी तिला घाबरलेली पहिल्यांदाच पाहिली.

तिसऱ्या दिवशी रुखसारची आईही आली. गुरुजींनी पुन्हा नाव घेतलं. काही नाही. गुरुजींनी खिडकीकडे पाहिलं, खरंच वाईट वाटल्यासारखी मान हलवली आणि हजेरीपट मिटला. आणि मिटलेल्या हजेरीपटामागून गुरुजींचाच आवाज आला. तोच बारीक, नाकातून येणारा: "शांतता! अनिल धोटे." अनिल धोटे सवयीनं उठला, "हजर!" रुखसार छताकडे बघतच होती. "बेबी मडावी." "हजर!" "गजानन... गजानन, नाक पूस." गजाननानं नाक पुसलं. दोन दिवसांत ऐकलेली अख्खी हजेरी, त्याच क्रमानं, गुरुजींच्या खोकल्यासकट. पोरं एकेक उठत होती, ओ देत होती, कोणाला हसायचंही सुचलं नाही. गुरुजी खडू हातात घेऊन उभे. असं करत करत ती स्वतःच्या नावाशी आली, "रुखसार शब्बीर."

आणि थांबली.

पाच सेकंद असावेत, मी मोजले नाहीत. बाईच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं, तिनंही मोजले नाहीत. मग कोणी तरी म्हणालं, "हजर." तो माझा आवाज नव्हता, गुरुजींचाही नव्हता. बारीक, थोडा खरखरीत, न वापरलेला. तो आवाज आम्ही कोणीच आधी ऐकला नव्हता, तिच्या आईनंसुद्धा नाही. लगेच पोरगी पुन्हा गुरुजी झाली आणि पुढचं नाव पुकारून मोकळी. गुरुजींनी हजेरीपट उघडला, पेन घेतलं, तिच्या नावापुढे खूण केली आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून हजेरी हिलेच घेऊ द्या. माह्या घशाले आराम." आमची भाडेकरीण शाळेच्या नळापाशी जाऊन फार वेळ तोंड धूत होती.

रुखसार राहिली. पुढे शाळेत तिचे हाल झालेच नाहीत असं नाही. गणवेशाच्या कॉलरपायी महिनाभर रडारड झाली. घंटा झाली की ती बाकाखाली शिरे, आणि गुरुजी शिकवता शिकवता तिची पाटी खाली सरकवून देत. पण रोज रात्री ती आईची ओढणी धरूनच झोपे.

दिवाळीला बाईचं वर्ष भरलं. निरोपाला गल्ली लोटली. गुडघ्यावाले आजोबाही आले, त्या गावाकडून ती सून लेकराला घेऊन आली, आमची ही तर दोन दिवस आधीपासूनच विनाकारण भांडी आपटत होती. रुखसार आली नाही. शब्बीरभाई ओशाळून म्हणाला, "बाई, बुरा नका मानू, ते दुकानात कापूस पाहत बसली, उठूनच नाई राह्यली." बाई म्हणाली, "तिचं काम चाललंय. उठवू नका." आणि गाडीत बसली. गाडी वळेपर्यंत ती गादीच्या दुकानाकडे बघत होती, पण हात हलवला तो आम्हाला.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी, शाळा सुटल्यावर, रुखसार एकटीच आमच्याकडे आली. कोणाशी बोलली नाही. जिना चढून वरच्या पायरीवर, कुलूपबंद खोलीच्या दाराशी बसली. दहा-पंधरा मिनिटांनी उठली आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी बायकोला म्हटलं, "आठवण येत असेल का गं तिले? का नुसती सवय?"

"तुम्हाले दोन्हीत फरक समजते का?" ती म्हणाली, आणि सूप घेऊन वर गेली. रुखसारच्या एक पायरी खाली बसून ती तांदूळ निवडू लागली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. खालून मला काहीतरी विनोद सुचला होता, चांगला होता. तो तसाच घेऊन मी स्टँडवर गेलो.

थंडी पडली, दुकानात रजयांची गर्दी झाली आणि रुखसार यायची थांबली. आमची ही मात्र अजून शाळा सुटायच्या वेळी सूप घेऊन त्याच पायरीवर बसते. वरची पायरी मोकळी सोडून.